मेंदूचं वायरिंग बघून एआय घडवता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फळमाशीच्या मेंदूतल्या सगळ्या चेतापेशी आणि त्यांच्यातल्या जोडण्या आता नोंदल्या गेल्या आहेत, उंदराच्या मेंदूच्या एका तुकड्याचंही तसंच काम झालं आहे. मग हा आराखडा वापरून आजच्यापेक्षा चांगली कृत्रिम बुद्धिमत्ता तयार करता येईल का, की हे दोन वेगळेच विषय आहेत? विचारणारे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि पुढचं शिक्षण या दिशेने घ्यावं का, हेही त्यांना ठरवायचं आहे.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढलेल्या चित्रांतून चेतापेशींचे धागे एकमेकांपासून वेगळे काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करते. म्हणजे रोजचा दिवस या दोन विषयांच्या सीमेवरच जातो. त्या अनुभवातून सांगते: उपयोग होतो, पण घराचा प्लॅन बघून घर बांधावं तसा होत नाही. मेंदूचा तो भाग कोणतं काम करतो हे आधी ठाऊक असेल, तर जोडण्यांचा नकाशा खूप काही सांगतो. ते ठाऊक नसेल तर कोट्यवधी जोडण्या हातात असूनही फारसं काही हाती लागत नाही.

आधी इतिहासाबद्दल. ‘न्यूरल नेटवर्क मेंदूवरून घेतलं’ असं सरसकट म्हटलं जातं (न्यूरल नेटवर्क म्हणजे आजच्या एआयच्या मुळाशी असलेलं कृत्रिम चेतापेशींचं जाळं). नेमकं किती घेतलं ते बघा. १९४३ मध्ये वॉरन मॅक्युलक आणि वॉल्टर पिट्स यांनी चेतापेशीचं अगदी सोपं गणिती रूप मांडलं: येणाऱ्या संकेतांची बेरीज करायची, ती ठरावीक मर्यादेच्या वर गेली की पुढे संकेत पाठवायचा. १९५९ च्या सुमारास डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागात बारीक इलेक्ट्रोड घालून दाखवलं की काही पेशी विशिष्ट कोनात असलेल्या रेघेलाच प्रतिसाद देतात, तर दुसऱ्या काही पेशींना ती रेघ थोडी इकडेतिकडे सरकली तरी चालते. कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये ‘निओकॉग्निट्रॉन’ हे आकार ओळखणारं कृत्रिम जाळं रचलं ते यावरून. १९८९ मध्ये यान लकून आणि सहकाऱ्यांनी तशाच रचनेला बॅकप्रोपगेशनने (उत्तरातली चूक मागे-मागे पोचवत जोडण्यांचे आकडे सुधारण्याच्या पद्धतीने) शिकवून हस्ताक्षरातले अंक ओळखून दाखवले, आणि २०१२ मध्ये अ‍ॅलेक्सनेटने त्याच घराण्यातल्या रचनेवर फोटो ओळखण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं.

या साखळीत जोडण्यांचा नकाशा कुठेच नव्हता. ह्युबेल-वीझल यांच्याकडे पेशींचे प्रतिसाद होते, त्यामागची जोडणी कशी असेल हा त्यांचा तर्क होता. अभियंत्यांनी त्यातून घेतलं ते दोन-तीन वाक्यांत मावेल एवढंच: जवळच्या बिंदूंकडे आधी बघा, तीच गाळणी सगळ्या चित्रावर फिरवा, पायरीपायरीने मोठा आकार जोडत जा. बॅकप्रोपगेशन तर मेंदूतून आलंच नाही. १९८६ मध्ये ते लोकप्रिय झाल्यावर तीनच वर्षांनी फ्रान्सिस क्रिक यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की मेंदूत असं काही चालत असण्याची शक्यता फार कमी आहे. २०१७ चा ट्रान्सफॉर्मर (आजच्या चॅटबॉटांमागची रचना) भाषांतराच्या गरजेतून आणि ग्राफिक कार्डावर हिशेब वेगाने व्हावा या गरजेतून आला. आज तुम्ही ज्याला एआय म्हणता त्याचा मोठा भाग असा मेंदूच्या आराखड्याशिवाय उभा राहिला आहे. हे स्पष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही.

आता खऱ्या नकाशाकडे येऊ. पहिला पूर्ण नकाशा सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीचा. सिडनी ब्रेनर यांच्या केंब्रिजच्या गटाने त्याचे पातळ काप काढून, फोटो छापून, हाताने धागे शोधत १९८६ मध्ये तो प्रसिद्ध केला. चेतापेशी फक्त ३०२. आज हा सगळा नकाशा तुमच्या मोबाइलमध्ये सहज मावेल. असं असताना चाळीस वर्षांत या कृमीचं संपूर्ण वागणं केवळ नकाशावरून कॉम्प्युटरवर उभं करता आलेलं नाही.

का नाही, याची कारणं शिकण्यासारखी आहेत. नकाशात दोन पेशी जोडलेल्या दिसतात, पण ती जोडणी पुढच्या पेशीला चेतवते की दाबते हे त्यावरून सरळ कळत नाही. जोडणी किती जोरदार आहे, संकेत किती वेळ टिकतो, हेही कळत नाही. शिवाय पेशी केवळ जोडण्यांतूनच बोलत नाहीत. न्यूरोपेप्टाइड नावाचे रेणू त्या आजूबाजूच्या द्रवात सोडतात आणि ते दूरच्या, थेट न जोडलेल्या पेशींपर्यंत पोचतात. २०२३ मध्ये प्रिन्स्टनच्या अँड्र्यू लायफर यांच्या गटाने या कृमीची एकेक पेशी प्रकाशाने चेतवून बाकीच्या पेशींत काय होतं ते मोजलं. संकेत प्रत्यक्षात जसे पसरले आणि नकाशावरून जसे पसरायला हवे होते, त्यांत ठळक फरक निघाला, आणि त्याचा एक भाग या ‘बिनतारी’ संदेशांमुळे होता. मध्य रेल्वेचा रूळांचा नकाशा समोर असला तरी कोणती गाडी फास्ट आहे, कोणती दादरला थांबते आणि कोणती कारशेडला जाते हे त्यावरून कळत नाही, तशी ही स्थिती आहे.

खेकड्याच्या पोटाजवळ एक छोटी चेतागाठ असते, अन्न चघळण्या-गाळण्याची लय तयार करणारी. पेशी तिसाच्या आसपास, जोडण्या केव्हाच माहीत झालेल्या. ब्रँडाइस विद्यापीठात ईव्ह मार्डर यांनी जवळजवळ सगळी कारकीर्द या एका गाठीवर घालवली. त्यांच्या गटाने २००४ मध्ये तीन पेशींच्या साध्या जाळ्याची दोन कोटींहून अधिक रूपं कॉम्प्युटरवर तपासली. जोडण्यांचे जोर आणि पेशींचे गुणधर्म अगदी वेगळे असूनही त्यातली कितीतरी रूपं जवळजवळ सारखीच लय देत होती. उलट बाजूने, तीच जोडणी वेगळ्या रसायनाच्या प्रभावाखाली वेगळी लय देते. म्हणजे नकाशा एक आणि वागणी अनेक, वागणं एक आणि नकाशे अनेक, हे दोन्ही खरं आहे. एआयसाठी नकाशातून नक्कल करू पाहणाऱ्याने हे काम पहिल्यांदा वाचावं असं मला मनापासून वाटतं.

याच मुद्द्याची आणखी कडक तपासणी एरिक योनास आणि कॉनराड कोर्डिंग यांनी २०१७ मध्ये केली. जुन्या ‘६५०२’ या मायक्रोप्रोसेसरच्या साडेतीन हजार ट्रान्झिस्टरांची पूर्ण जोडणी त्यांच्याकडे होती. त्यावर तीन व्हिडिओ गेम चालवून त्यांनी मेंदूशास्त्रातल्या नेहमीच्या पद्धती लावल्या. एकेक ट्रान्झिस्टर बंद केल्यावर काही असे सापडले की ते काढले तर फक्त डाँकी काँग बंद पडतो. मेंदूच्या बाबतीत आपण लगेच ‘या पेशी अमुक कामाच्या’ असं लिहून मोकळे झालो असतो. प्रत्यक्षात ते ट्रान्झिस्टर त्या गेमचे नव्हतेच. चिप आकडे कशी जोडते, आज्ञा कशी वाचते, हे या पद्धतींतून बाहेर आलं नाही.

इथवर वाचून वाटेल की मी या विषयाच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. नकाशा जिथे कामाला आला त्या जागा मला फार मोलाच्या वाटतात, आणि त्यातल्या बहुतेक फळमाशीच्या मेंदूत आहेत.

वासाचंच घ्या. माशीच्या अँटेनांवर वास ओळखणाऱ्या पेशींचे सुमारे ५० प्रकार असतात. प्रत्येक वासाला या पन्नासांचा वेगवेगळा प्रतिसाद मिळतो, म्हणजे वास हा पन्नास आकड्यांचा एक संच झाला. (या माशीच्या वास-चवीच्या आनुवंशिकतेवरचं पायाभूत काम मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर), ओबेद सिद्दीकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकात सुरू केलं. आपल्याकडे हे फार थोड्यांना माहीत आहे.) पुढे मेंदूत ‘मशरूम बॉडी’ नावाच्या भागात जवळजवळ २००० केनियन पेशी असतात. त्यातली प्रत्येक पेशी या पन्नास वाहिन्यांपैकी साधारण सहा-सात वाहिन्यांचंच ऐकते, आणि कोणत्या सहा-सात ते बहुतांशी यदृच्छेने ठरतं. सगळ्या केनियन पेशींवर एपीएल नावाची एक मोठी पेशी पसरलेली असते. ती सगळ्यांना मिळून दाबते, त्यामुळे सगळ्यात जोरात चेतलेल्या पाचेक टक्के पेशीच शेवटी बोलतात. त्या शंभरेक पेशींची यादी हाच त्या वासाचा शिक्का. शिक्षा किंवा बक्षीस मिळालं की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी फक्त त्या शिक्क्याच्या पुढच्या जोडण्या बदलतात.

हा नकाशा बघितल्यावर संगणकशास्त्रातल्या माणसाला लगेच एक जुना प्रश्न आठवतो: लाखो वस्तूंमधून ‘हिच्यासारख्या’ वस्तू पटकन कशा शोधायच्या? यासाठी आपण मोठ्या माहितीचं लहान सांकेतिक रूप काढतो, एकसारख्या गोष्टींची रूपंही एकसारखी येतील असं. नेहमीची पद्धत माहिती आकुंचित करते, आणि त्यासाठी भरगच्च यादृच्छिक आकड्यांनी गुणाकार करते. माशी उलट करते. पन्नासचे दोन हजार करते, म्हणजे चाळीसपट पसरवते. गुणाकार करत नाही, सहा-सात आकडे नुसते जोडते. आणि शेवटी जिंकलेल्या थोड्याच ठेवते. संजय दासगुप्ता, चार्ल्स स्टीव्हन्स आणि साकेत नवलखा यांनी २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे मांडलं. चित्रं, हाताने लिहिलेले अंक आणि शब्दांचे व्हेक्टर अशा माहितीवर माशीची युक्ती तेवढ्याच लांबीच्या नेहमीच्या यादृच्छिक सांकेतिक रूपापेक्षा जवळचे शेजारी अधिक नेमके शोधत होती.

इथे नकाशाने काय दिलं ते नीट बघा. कुणी दोन हजार पेशी जशाच्या तशा कोडमध्ये उतरवल्या नाहीत. नकाशातून तीन आकडे आले: किती पट पसरवायचं, एका पेशीने किती वाहिन्या ऐकायच्या, शेवटी किती टक्के ठेवायच्या. आणि ते आकडे अर्थपूर्ण ठरले, कारण या भागाचं काम काय आहे (वास वेगळे ओळखणं आणि नवा वास एका फटक्यात शिकणं) हे वर्तनाच्या प्रयोगांतून आधीच कळलं होतं. मला विचाराल तर मेंदूच्या वायरिंगमधून एआयला मिळालेलं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. त्याचबरोबर हेही खरं की आजची मोठी मॉडेलं ही सांकेतिक रूपं शिकून घेतात, आणि भरपूर डेटा असेल तिथे शिकलेलं रूप यादृच्छिक रूपाला मागे टाकतं. माशीची युक्ती उपयोगी पडते ती डेटा थोडा असताना, वीज कमी असताना, किंवा जुनं न विसरता नवं शिकायचं असताना.

दुसरं उदाहरण दृष्टीचं. माशीच्या डोळ्यामागे ‘टी४’ आणि ‘टी५’ नावाच्या पेशी असतात, त्या वस्तू कोणत्या दिशेने सरकली हे सांगतात. २०२४ मध्ये जेनेलिया संशोधन केंद्रातले श्रीनिवास तुरागा आणि ट्युबिंगनचे याकोब माके यांच्या गटांनी दृष्टीच्या भागातल्या ६४ प्रकारच्या पेशींचं जाळं कॉम्प्युटरवर उभं केलं. कोण कोणाला जोडलं आहे, किती सिनॅप्सने (दोन पेशींमधल्या जोडणीच्या जागांनी) आणि चेतवणारं की दाबणारं, हे नकाशावरून ठरवून टाकलं. पेशी किती वेगाने प्रतिसाद देते यासारख्या नकाशात नसलेल्या गोष्टी मोकळ्या सोडल्या. पेशींचे प्रकार सारखे धरल्यामुळे असे मोकळे आकडे सातशेच्या थोडेच वर निघाले. मग त्या जाळ्याला एकच काम शिकवलं: चित्रफितीत काय कुठे सरकतंय ते ओळख. कोणती पेशी कशी वागते हे अजिबात सांगितलं नाही. तरी शिकून झाल्यावर टी४ आणि टी५ आपोआप दिशा ओळखणाऱ्या निघाल्या, आणि बाकीच्या पेशींबद्दलचे अंदाज आधीच्या २६ अभ्यासांतल्या मोजमापांशी जुळले.

नकाशा आणि काम, दोन्ही एकत्र आले म्हणून हे झालं. इथे एआयची पद्धत मेंदू समजून घ्यायला वापरली गेली, आणि सध्या उपयोगाचा ओघ बराचसा याच दिशेने आहे. डोपामिनचंही तसंच. ‘अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं’ या फरकावर शिकणारं गणित रिचर्ड सटन यांनी १९८८ मध्ये मांडलेलं होतं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींची जी मोजमापं घेतली होती त्यांचा अर्थ त्या गणिताने लागला, आणि १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटाग्यू यांनी तो एकत्र मांडला.

उंदराचं काय, असं तुम्ही विचारलंत. तिथे मला थोडं कठोर बोलावं लागेल. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांसाठी संशोधनाला पैसे देणाऱ्या आयएआरपीए या संस्थेने २०१६ मध्ये ‘मायक्रॉन्स’ प्रकल्प सुरू केला, साधारण दहा कोटी डॉलरचा. त्याच्या नावातच मेंदूच्या बाह्यपटलावरून मशीनची बुद्धी घडवण्याचं उद्दिष्ट होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये निकाल ‘नेचर’मध्ये आले: उंदराच्या दृष्टीच्या भागातला घन मिलिमीटर, सुमारे दोन लाख पेशी, ५२ कोटींहून अधिक सिनॅप्स, आणि त्यातल्या पंचाहत्तर हजारांच्या आसपास पेशी जिवंत उंदीर चित्रफिती बघत असताना कशा वागल्या त्याची नोंद. शास्त्र म्हणून हे काम भव्य आहे. एकसारख्या गोष्टींना प्रतिसाद देणाऱ्या पेशी एकमेकींना जास्त जोडलेल्या असतात, हा नियम त्यांनी फार मोठ्या प्रमाणावर पक्का केला. पण त्याच अभ्यासात त्यांनी साध्या कामावर शिकवलेलं एक कृत्रिम रिकरंट (स्वतःचे संकेत पुन्हा स्वतःकडे वळवणारं) जाळंही तपासलं, आणि त्यात तोच नियम आपोआप उगवलेला दिसला. म्हणजे नकाशाने जे सांगितलं ते मशीनला आधीच सापडलेलं होतं. मेंदूच्या बाजूने हा आनंदाचा निकाल आहे, कारण दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो. मात्र ‘नकाशातून नवं अल्गोरिदम’ या मूळ अपेक्षेच्या दृष्टीने हाती फारसं आलेलं नाही, निदान अजून तरी.

आता एक वाट अशी सांगते जी फार थोडे लोक लक्षात घेतात, आणि माझ्या कामाची आहे म्हणून ती मला जवळची वाटते. मेंदूचा नकाशा काढायचा म्हणजे ऊतीचे ४० नॅनोमीटरच्या आसपास जाडीचे हजारो काप काढायचे, प्रत्येकाचा फोटो घ्यायचा, आणि एका कापातला करडा ठिपका पुढच्या कापातल्या कोणत्या ठिपक्याचा भाग आहे हे ठरवत जायचं. स्क्रीनवर दिसतं ते असं: काळ्या बारीक रेघा म्हणजे पेशींच्या पडद्या, त्यांच्यामध्ये करडे कप्पे, कप्प्यांत छोट्या गोल पिशव्या. माशीत सिनॅप्स असेल तिथे इंग्रजी टी अक्षरासारखा काळा डाग दिसतो आणि त्याच्यासमोर एकाच वेळी अनेक पेशींची टोकं येऊन टेकलेली असतात. काही धागे पन्नास नॅनोमीटर इतके बारीक. एखाद्या कापाला घडी पडली की सॉफ्टवेअरला धागा तुटलेला दिसतो. पडदी फिकट रंगली असेल तर दोन पेशी एक होऊन जातात. अशी एकच चुकीची जोड राहिली तर हजारो खोट्या सिनॅप्स तयार होतात. म्हणून फळमाशीच्या पूर्ण मेंदूच्या ‘फ्लायवायर’ प्रकल्पात १,३९,२५५ पेशींचा नकाशा २०२४ मध्ये पूर्ण होईपर्यंत माणसांनी बसून तपासणी केली, ज्याचा हिशेब तीसहून अधिक माणूस-वर्षांचा होतो. तोही, बहुतेक जोडकाम मशीनने केल्यानंतर.

या अवघड कामासाठी पडद्या ओळखण्याची स्पर्धा २०१२ मध्ये भरवली गेली. माशीच्या अळीच्या चेतारज्जूचे फक्त तीस फोटो शिकायला दिले होते. इतक्या थोड्या फोटोंवर शिकणारं जाळं कसं असावं या गरजेतून जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये ओलाफ रोनेबर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘यू-नेट’ रचलं: चित्र पायरीपायरीने आक्रसायचं, मग पुन्हा पसरवायचं, आणि दोन्ही बाजूंच्या समान पायऱ्या थेट जोडायच्या म्हणजे बारीक तपशील हरवत नाही. ते आधी वैद्यकीय चित्रांमध्ये पसरलं. पुढे मजकुरावरून चित्रं काढणाऱ्या मॉडेलांनी हाच गाभा घेतला; २०२२ च्या स्टेबल डिफ्यूजनच्या पोटात यू-नेटच आहे. त्या वर्षी लोकांनी कॉम्प्युटरकडून काढून घेतलेल्या असंख्य चित्रांची मुळं अशी चेतापेशींच्या पडद्या रंगवण्याच्या गरजेत आहेत. यात मेंदूच्या रचनेची नक्कल कुठेच नाही. वायरिंगचा अभ्यास इथे एक कठीण, नेमका, मोजता येणारा प्रश्न म्हणून उपयोगी पडला, आणि एआयचा इतिहास बघता असे प्रश्न कल्पनांइतकेच मौल्यवान ठरले आहेत.

ओघ उलटही वाहिला. सिनॅप्स कोणतं रसायन सोडतो हे या फोटोंत माणसाच्या डोळ्याला कळत नाही, पण शिकवलेल्या जाळ्याला बऱ्याच अचूकतेने कळतं. त्यामुळे माशीच्या नकाशावर आता ‘चेतवणारा की दाबणारा’ हा अंदाजही आहे. त्यावरून एक वेगळा गट साध्या विद्युत-मॉडेलवर जवळजवळ संपूर्ण माशी-मेंदू चालवू शकला: साखर ओळखणाऱ्या पेशी चेतवल्या की सोंड बाहेर काढणारी पेशी चेतते, असा योग्य अंदाज त्यातून निघाला. मॉडेल फार ढोबळ होतं. तरी छोट्या, सरळ मार्गांसाठी नकाशा आणि प्रत्येक जोडणी चेतवते की दाबते एवढंही पुरतं, हे त्यातून समजलं.

मग पुढे सगळ्यात मोठी शिकवण कुठून येईल? माझं मत सांगते. सुटी सुटी जोडणी बघून ती येणार नाही. जोडणी बांधण्याचे नियम बघून येईल. हिशेब करून बघा. माणसाच्या मेंदूत ८६ अब्ज चेतापेशी आहेत, सिनॅप्स शंभर लाख कोटींच्या घरात धरू. प्रत्येक सिनॅप्स कुठे जातो हे लिहायला ३७ बिट लागतील, म्हणजे सगळं मिळून साडेचारशे टेराबाइटच्या पुढे. आणि जिनोम, म्हणजे आपली सगळी आनुवंशिक माहिती? तीन अब्ज अक्षरं, प्रत्येकी दोन बिट, ७५० मेगाबाइट. सहा लाख पटींची तफावत. अँथनी झाडोर यांनी २०१९ मध्ये याला ‘जिनोमचा अडसर’ म्हटलं. म्हशीचं रेडकू जन्मल्यावर थोड्या वेळात उभं राहतं, आचळ शोधतं. ते हजारो तास सराव करून शिकत नाही. एवढं सगळं ७५० मेगाबाइटमधून येतं, तर त्यात जोडण्यांची यादी नसून थोडक्यात लिहिलेली कृती आहे: अमुक प्रकारच्या पेशीने तमुक थरात जाऊन ढमुक प्रकाराला शोधावं. आपण आज मॉडेलं शिकवतो ती जवळजवळ कोऱ्या पाटीवरून, प्रचंड डेटा ओतून. अशी छोटी कृती शोधता आली जिच्यातून जाळं अर्धं तयार होऊनच जन्माला येईल, तर शिकवण्याचा खर्च कितीतरी कमी होईल. आणि ती कृती ओळखायला अनेक व्यक्तींचे, अनेक प्रजातींचे नकाशे शेजारी ठेवावे लागतील. एका माशीच्या नकाशातून योगायोग कोणता आणि नियम कोणता हे सांगता येत नाही. दहा नकाशे असतील तर येतं.

विजेबद्दल थोडक्यात. मेंदू साधारण वीस वॉटवर चालतो. त्याचं एक मोठं कारण म्हणजे स्मृती आणि हिशेब एकाच जागी आहेत, आणि बहुतेक पेशी बहुतेक वेळ गप्प असतात. आयबीएमच्या ट्रूनॉर्थ या चिपने २०१४ मध्ये दहा लाख कृत्रिम चेतापेशी ७० मिलिवॉटच्या आसपास चालवून दाखवल्या. पण अशा चिपवर मोठी मॉडेलं शिकवण्याची चांगली पद्धत अजून रुळलेली नाही, म्हणून बाजार ग्राफिक कार्डांकडेच राहिला. वायरिंगच्या अभ्यासातून इथे लांब पल्ल्याच्या जोडण्या किती कमी ठेवाव्यात यासारखे हार्डवेअरच्या कामाचे आकडे मिळू शकतात.

तुमच्या शिक्षणाबद्दल. फक्त चांगलं एआय करायचं असेल तर हा रस्ता लांबचा आहे. मशीन लर्निंगमध्येच पुढे शिका. मेंदू कसा चालतो याची ओढ असेल आणि कोडही चांगलं येत असेल, तर या क्षेत्राला तुमच्यासारख्यांची फार गरज आहे. नुसते नकाशे काढणाऱ्या गटापेक्षा नकाशा, जिवंत मोजमापं आणि वर्तन अशा तिन्ही गोष्टी हाताळणारा गट शोधा. आपल्याकडे पुण्याच्या आयसर आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या विज्ञान-संशोधन संस्थांमध्ये संगणकीय मेंदूशास्त्र शिकता येतं. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरचं काम वेगळं आहे: ते माणसाच्या पूर्ण मेंदूचे काप पेशीच्या पातळीवर टिपतात, सिनॅप्सच्या पातळीवर नाही. अर्ज करण्याआधी हा फरक नीट लक्षात घ्या. गणितात डायनॅमिकल सिस्टिम्स (काळानुसार बदलणाऱ्या प्रणालींचं गणित) पक्कं करा, डीप लर्निंगच्या कोर्समध्ये ते सहसा नसतं.

आणि प्रवेश घेण्याआधी घरी बसून एक काम करून बघा. फ्लायवायरचा डेटा मोफत उतरवता येतो. त्यातून वासाच्या वाहिन्या ते केनियन पेशी एवढ्याच जोडण्या घ्या, छोटं जाळं बांधा आणि एखाद्या साध्या ओळखण्याच्या कामावर तपासा. मग प्रत्येक पेशीच्या जोडण्यांची संख्या तेवढीच ठेवून त्या कोणाशी आहेत ते पिसून टाका आणि पुन्हा तपासा. इथे बहुधा थोडाच फरक पडेल, कारण खऱ्या माशीतही त्या बऱ्याच अंशी यदृच्छेने आहेत. २०२२ मध्ये त्यात अन्नाच्या वासांकडे थोडा कल दिसला, तो तुम्हाला सापडतो का बघा. मग हेच टी४ पेशीला येणाऱ्या जोडण्यांवर करा. तिथे शेजारच्या बिंदूंकडून येणारे संकेत पेशीच्या फांदीवर ठरावीक क्रमाने बसतात. तो क्रम मोडला की दिशा ओळखणं जातं. कोणी तुम्हाला ‘आमचं मॉडेल मेंदूच्या वायरिंगवर बेतलेलं आहे’ असं सांगितलं, तर त्यांना पहिला प्रश्न हाच विचारा: जोडण्या पिसल्यावर निकाल किती घसरला?